उचल, वेठ आणि फौजदारी कायदा

वेठबिगारी हा गुन्हा आहे, हे आज शाळकरी मूलही सांगेल. परंतु गुन्हेगार कोण, राबवून घेणारा की राबण्यास नकार देणारा, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने नेहमी एकच दिलेले नाही. हे उत्तर कसे पालटले, तेच आम्हांला येथे थोडक्यात मांडावयाचे आहे.

सन 1859 मध्ये इंग्रज सरकारने मजुरांच्या करारभंगाविषयी एक कायदा केला. मालकाकडून उचल घेऊन कारागिराने किंवा मजुराने काम सोडले, तर मॅजिस्ट्रेटने त्याला पैसे फेडण्याचा वा काम पुरे करण्याचा हुकूम द्यावा, आणि हुकूम न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेत टाकावे, असा तो कायदा. प्रथम मुंबई, मद्रास व कलकत्ता या शहरांसाठी केलेला हा कायदा पुढे इतरत्रही लावण्यात आला. पुढच्याच वर्षी, 1860 साली, भारतीय दंड संहिता आली. तिच्या 374 व्या कलमाने, कोणाकडूनही त्याच्या इच्छेविरुद्ध बेकायदेशीरपणे सक्तीने काम करवून घेणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद वा दंड सांगितला.

वरवर पाहता तराजूची दोन्ही पारडी समान दिसतात. पण मेख आहे ती 'बेकायदेशीरपणे' या एका शब्दात. ज्याचा अंगठा मालकाच्या कागदावर उमटला आहे, त्याला कायदाच पकडून आणीत असेल, तर सक्तीला बेकायदेशीर म्हणावे कोणी? 1859 चा कायदा 1925 साली रद्द ठरविण्यात आला. म्हणजे सहासष्ट वर्षे फौजदारी सत्ता उचल देणाराच्या पाठीशी उभी होती.

आमच्या करवीर संस्थानात वेठ होती ती कर्जाची नव्हे, वतनाची. महार वतनदाराने तुटपुंज्या जमिनीच्या मोबदल्यात सरकारची व गावाची पडेल ती कामे करावी, निरोप पोचवावे, ओझी वाहावी, आणि त्याच्या पोरानेही तेच करावे, असा शिरस्ता. शाहू छत्रपतींनी 1918 साली महार वतन मोडून त्या जमिनी रयतावा केल्या आणि 1920 साली वेठबिगारीस मनाई केली. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. वेठ ज्या जमिनीच्या मुळावर पोसली होती ते मूळ आधी उपटले, आणि मग मनाईचा हुकूम निघाला. शेजारच्या मुंबई इलाख्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली कायदे कौन्सिलात वतनसुधारणेचे बिल आणले. ते तेव्हा मंजूर झाले नाही. कनिष्ठ गावकामगार वतने नाहीशी करणारा कायदा मुंबई राज्यात झाला तो 1958 साली.

ठाणे जिल्ह्यातील वारल्यांची कथा निराळी. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यावयाचे आणि नवराबायकोने त्याच्याकडे राबत राहावयाचे. अशास 'लग्नगडी' म्हणत. 1945 साली गोदावरी परुळेकर आणि किसान सभेचे कार्यकर्ते यांच्या साथीने वारली उठले व त्यांनी वेठ आणि लग्नगडीची चाल मोडली. त्यासाठी गोळ्याही खाल्ल्या. दंड संहिता पंचाऐंशी वर्षे पुस्तकात होती. ती त्यांच्या पाड्यावर पोचली नव्हती.

1950 च्या राज्यघटनेच्या 23 व्या कलमाने बेगार व तिच्यासारख्या सक्तीच्या श्रमास बंदी केली. 'बेगार' हा आपला शब्द घटनेच्या इंग्रजी पाठातही तसाच आहे. 1975 च्या ऑक्टोबरात वटहुकूम निघाला, आणि 1976 साली वेठबिगार पद्धती नष्ट करणारा कायदा झाला. त्याने 1859 चे उत्तर पुरते उलटे केले. वेठीचे कर्ज संपले. ते वसूल करणे हाच गुन्हा. वेठीला जुंपणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व दोन हजार रुपयांपर्यंत दंड. मजुराने हे वेठीचे कर्ज आहे असे म्हटले, की तसे ते नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर. 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने, किमान वेतनाहून कमी मजुरीत काम करवणे हीसुद्धा सक्तीच होय, असे ठरविले. 374 वे कलम 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 146 वे होऊन आले. शिक्षा तीच राहिली.

मग आता काय उरले? उचल उरली! दर हंगामाला बीडकडून ऊसतोडणीच्या टोळ्या आमच्या जिल्ह्यात उतरतात. मुकादम नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, उचल देतो. आजारपणाचा खाडा तीत मिळवितो. हंगाम संपला तरी ती फिटत नाही. उचल घेणे वा देणे हा गुन्हा नव्हे, हे आम्ही स्पष्ट सांगतो. पण फिटेपर्यंत दुसरीकडे जाऊ न देणे, मजुरी नाममात्र ठेवणे, बापाची बाकी पोराच्या माथी मारणे, येथे उचलीची वेठ होते व कायदा लागू पडतो.

त्याच कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात दक्षता समिती सांगितली आहे, आणि तीत जिल्ह्यातील दोन समाजसेवकांना जागा ठेवली आहे. त्या जागांवर कोण आहे, समिती फडावर कधी गेली होती, हे विचारण्याचा अधिकार चहात साखर घालणाऱ्या प्रत्येक नागरिकास आहे. कोयता चालविणारास हंगामात कचेरी गाठावयास सवड नसते. ती सवड शहरात राहणाऱ्या तुम्हांआम्हांस आहे. ती या कामी लावावी, एवढेच आमचे मागणे.