छोट्या व्यवसायांचे मोबाईल विपणन : संधी आणि नियम

लखनौ शहरातील आलमबाग ही चारबाग रेल्वे स्थानकानजीकची गजबजलेली बाजारपेठ आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या लखनौ मेट्रोच्या पहिल्या टप्प्यात या भागाला स्थानक मिळाले. अशा बाजारपेठेतील लहान दुकानदाराला नवा ग्राहक जोडण्यासाठी मोबाईल हे अल्प खर्चाचे साधन ठरते.

गूगलच्या नकाशावर दुकानाचा पत्ता, वेळा आणि छायाचित्रे विनामूल्य नोंदवता येतात. जानेवारी २०१८ मध्ये दाखल झालेल्या ‘व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस’वर मालाची सूची ठेवता येते. २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या लखनवी चिकनकारीचा विक्रेता त्याद्वारे परगावच्या ग्राहकालाही माल दाखवू शकतो.

मात्र जाहिरातीच्या एसएमएसवर निर्बंध आहेत. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजेच ‘ट्राय’च्या २०१८ च्या विनियमांनुसार असे संदेश मोठ्या संख्येने पाठवण्यापूर्वी व्यावसायिकाला स्वतःची, संदेशावर दिसणाऱ्या नावाची आणि मजकुराच्या नमुन्याची दूरसंचार कंपनीकडे नोंदणी करावी लागते. साध्या मोबाईल क्रमांकावरून जाहिराती धाडल्यास ग्राहक १९०९ या क्रमांकावर तक्रार करू शकतो आणि व्यावसायिकाची दूरध्वनी सेवा खंडित होऊ शकते. जो क्रमांक ग्राहकांना तोंडपाठ असतो, तोच बंद पडणे लहान दुकानाला परवडणारे नसते.

त्यामुळे विकत घेतलेल्या क्रमांकांच्या यादीपेक्षा, बिल करताना ग्राहकाची संमती घेऊन तयार केलेली छोटी यादी अधिक उपयुक्त ठरते.