लाइकचा आकडा झाकला, मग काय झालं?

मागे एक आई सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) छातीत धडधड, भूक नाही, रात्री दोन-दोनपर्यंत झोप नाही. ईसीजी नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल. हिमोग्लोबिन थोडं कमी, पण त्याने एवढी धडधड होत नाही. शेवटी आईच बोलली, "डॉक्टरसाहेब, हे पोरगी त्या आकड्यापायी जेवत नाही पहा."

झालं होतं असं. दोघी मैत्रिणींनी बाळापूरच्या नदीकाठच्या छत्रीपाशी एकाच दिवशी रील केली. एकीला तीनशेवर लाइक आले, हिला एक्केचाळीस. मी म्हटलं, एक्केचाळीस काय कमी आहेत? ती खाली मान घालून म्हणाली, "सर, तिचा आकडा सगळ्यायले दिसते, माहाबी सगळ्यायले दिसते."

दुखणं नेमकं तिथेच होतं, कमी मिळण्यापेक्षा कमी दिसण्यात. आणि हे दुखणं मोबाइलपेक्षा बरंच जुनं आहे.

तुमच्यापैकी जे पन्नाशीच्या पुढे आहेत, त्यांना मांडवातला आहेर आठवत असेल. माइकवर नाव पुकारायचं, मग रक्कम. एकवीस, एक्कावन्न, एकशे एक. ज्याची ऐपत अकराची, तो मामा आपलं नाव यायच्या आधीच पंगतीत जाऊन बसायचा. पुढे पाकीट आलं आणि रक्कम झाकली गेली. त्याच्या पुढे पत्रिकेवरच छापून येऊ लागलं की आहेर आणू नये, आपली उपस्थिती हाच आहेर. आकडा झाकायचा उपाय आपल्या समाजाने असा आधीच करून पाहिला होता. अर्थात घरी गेल्यावर पाकिटं फोडून वहीत लिहिली जातातच, पण निदान माइक बंद झाला.

दुसरं उदाहरण दहावी-बारावीच्या गुणवत्ता यादीचं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या आलेल्या मुलांचे, आईवडील पेढा भरवतानाचे फोटो यायचे. मी स्वतः दहावीला असताना यादीत आमच्या गावातलं कोणी नाही म्हणून शिक्षक हळहळले होते, आणि बरे मार्क मिळूनही मी दिवसभर चोरासारखा वावरलो. पुढे राज्य मंडळाने ही यादी बंद केली. ताण आणि स्पर्धा कमी व्हावी हा हेतू, आणि तो चांगलाच होता. पण आता निकालानंतर अकोल्यात कुठल्याही चौकात उभे राहा. क्लासेसच्या फ्लेक्सवर तेच चेहरे, तेच टक्के, दशांशासकट! मंडळाने झाकलेला आकडा फ्लेक्सवर चढला.

आता फेसबुककडे येऊ. लाइकचं बटण तिथे फेब्रुवारी २००९ मध्ये आलं. इन्स्टाग्राम ऑक्टोबर २०१० चं. हे आकडे माणसाला धावायला लावतात हे काही लोकांना लवकर कळलं होतं. अमेरिकेतल्या बेन ग्रोसर या कलाकार-प्राध्यापकाने २०१२ मध्येच फेसबुकवरचे सगळे आकडे लपवणारं एक छोटं सॉफ्टवेअर बनवलं. कंपन्यांना जाग यायला सात वर्षं लागली. २०१९ मध्ये इन्स्टाग्रामने आधी कॅनडात, मग ऑस्ट्रेलिया, जपान, ब्राझील अशा देशांत लाइकचा आकडा इतरांपासून लपवून पाहिला. लोकांच्या मनावर आणि वापरावर अपेक्षेइतका फरक दिसला नाही, हे इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनीच सांगितलं. काहींना बरं वाटलं, काही वैतागले. मग मे २०२१ मध्ये कंपनीने निर्णय वापरणाऱ्यावर सोडला: लपवायचा असेल तर लपवा.

फरक कमी का पडला असेल? लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातला २०१६ चा एक प्रयोग इथे उपयोगी आहे. १३ ते १८ वयाच्या मुलांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून फोटो दाखवले. काही फोटो त्यांचे स्वतःचे होते, आणि लाइकचे आकडे संशोधकांनी मनाने टाकलेले. स्वतःच्या फोटोवर भरपूर लाइक दिसले की मेंदूतला बक्षिसाचा भाग, जो गोड खाताना किंवा पैसे जिंकताना जागा होतो, तो जास्त पेटायचा. शिवाय ज्या फोटोला आधीच जास्त लाइक, त्याला ही मुलंही जास्त लाइक देत होती, मग फोटो कसाही असो.

म्हणजे आकडा दोन कामं करतो. एक, चारचौघांत तुमची किंमत सांगतो आणि पुढच्याला कुठे वळायचं ते दाखवतो. दोन, खुद्द तुम्हाला गोड चाखवतो. लपवल्याने पहिलं काम थांबतं. दुसरं चालूच राहतं, कारण मालकाला आपला आकडा बघता येतोच. पटत नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस घ्या. ते किती जणांनी पाहिलं हे फक्त टाकणाऱ्याला दिसतं. तरी दर अर्ध्या तासाने कोण कोण पाहून गेलं हे बघणाऱ्यांत माझे साठीचे पेशंटही आहेत. बीपी मोजताना मधेच फोन काढतात, आणि मग बीपी वाढलेलं येतं म्हणून माझ्याशी वाद घालतात.

तरीही मी त्या मुलीला आकडा लपवायला सांगितलं. पोस्ट टाकतानाच सेटिंगमध्ये तशी सोय आहे, आणि दुसऱ्यांचे आकडे आपल्याला दिसू नयेत अशीही आहे. ही दुसरी जास्त कामाची, कारण मैत्रिणीचे तीनशे दिसणं बंद होतं. सोबत रात्री नऊनंतर फोन आईच्या खोलीत आणि लोहाच्या गोळ्या. आईला एवढंच सांगितलं की जेवण आणि झोप दोन आठवड्यांत रुळावर आली नाही, किंवा पोरगी जगण्याला कंटाळल्यासारखं बोलली, तर एक दिवसही थांबू नका. माझ्याकडे या किंवा १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फोन लावा. तो मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

तीन आठवड्यांनी दोघी परत आल्या. वजन अर्धा किलो वाढलेलं, झोप बरी. मैत्रिणीशी बोलणं सुरू झालं होतं. मी विचारलं, आता लाइक बघतेस का? ती हसली.

"माहे बघतो सर. तिचे नाही दिसत आता."