शनिशिंगणापूरचा व्हायरल व्हिडिओ आणि हेट स्पीच: फेसबुक, व्हॉट्सॲप नेमकं काय तपासतात?

"एवढी विखारी पोस्ट, रिपोर्ट केली तरी निघत कशी नाही?" हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. आज आपण त्याचं उत्तर आपल्या नगर जिल्ह्यातल्याच एका उदाहरणावरून पाहू.

जून २०२५ मध्ये शनिशिंगणापूरच्या शनैश्वर देवस्थानने १६७ कर्मचाऱ्यांना कामावरून काढलं. त्यातले ११४ मुस्लिम होते. त्याआधी चौथऱ्यावर मुस्लिम कामगार काम करत असल्याचा व्हिडिओ व्हायरल झाला होता आणि हिंदुत्ववादी संघटनांनी आंदोलनाचा इशारा दिला होता. ट्रस्टने मात्र कारण सांगितलं ते गैरहजेरी आणि बेशिस्तीचं. निर्णय योग्य की अयोग्य, तो वाद वेगळा. आपल्याला बघायचंय की अशा व्हिडिओखाली जे लिहिलं जातं, त्याचं प्लॅटफॉर्म काय करतो.

टीका कुणावर? माणसांवर की प्रथेवर?

मेटाचा (म्हणजे फेसबुक, इन्स्टाग्रामचा) नियम माणसांचं संरक्षण करतो, श्रद्धेचं किंवा प्रथेचं नाही. धर्म, जात, लिंग, वंश, अपंगत्व अशा ओळखीवरून माणसांवर केलेला हल्ला त्यात बसतो. २०१६ मध्ये महिलांच्या चौथरा प्रवेशाचं आंदोलन झालं तेव्हाचं घ्या. "ही प्रथा मोडू नका" किंवा "ही प्रथा बुरसटलेली आहे", दोन्ही मतं चालतात. पण बायका अपवित्रच असतात, असं लिहिलं तर तो माणसांवरचा हल्ला.

आता आपलं उदाहरण. "चौथऱ्यावरचं काम कुणी करावं हे ट्रस्टने ठरवावं" हे मत झालं. "यांना कुठेच नोकरी देऊ नका, यांच्या दुकानातून काही घेऊ नका" हे धर्मावरून आर्थिक बहिष्काराचं आवाहन, आणि ते मेटाच्या नियमात सरळ बसतं. एखाद्या समाजाला किडे-जंतू म्हणणंही तसंच.

मग मशीनला कळत का नाही?

कारण व्हिडिओ खरा असतो. त्यात शिवी नाही, रक्त नाही. माणसं काम करतायत, एवढंच. विष असतं कॅप्शनमध्ये, तेही टोमण्यात. "पाहुणे" किंवा "शांतिदूत" हे शब्द कुणाला उद्देशून वापरलेत हे तुम्हाला-मला लगेच कळतं. यंत्राला ते शिकवावं लागतं, आणि त्यासाठी माणसांनी तपासून खुणा केलेली हजारो मराठी वाक्यं लागतात. पुण्याच्या एल३क्यूब गटाने २०२२ मध्ये २५,००० हून अधिक मराठी ट्विट्सचा असा संच तयार केला. इंग्रजीच्या तुलनेत हे फारच थोडं, आणि त्यात आपली नगरी बोली, रोमन लिपीतलं मराठी... असो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जानेवारी २०२५ मध्ये मेटाने जाहीर केलं की स्वयंचलित यंत्रणा यापुढे दहशतवाद, बालकांचं लैंगिक शोषण, ड्रग्ज, फसवणूक अशा गंभीर प्रकारांवर भर देईल. बाकीच्यांत कुणी रिपोर्ट केल्यावरच पाऊल उचललं जाईल. म्हणजे तुम्ही फक्त रागाचा इमोजी टाकून पुढे गेलात, तर ती पोस्ट कुणी तपासेलच असं नाही. उलट त्या इमोजीने पोस्टचा प्रतिसादच वाढतो!

व्हॉट्सॲपचं गणित वेगळं

इथे मेसेज एन्क्रिप्टेड असल्याने कंपनी ते वाचू शकत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच चॅट्सना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. वाचता येत नाही, म्हणून वेग कमी केला. ग्रुप रिपोर्ट केला, तर त्यातले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात. त्यामुळे रिपोर्ट लगेच करा. दोन दिवसांनी "गुड मॉर्निंग"च जाईल.

रिपोर्ट करताना

"स्पॅम" किंवा "आवडलं नाही" निवडू नका, द्वेषपूर्ण मजकुराचाच पर्याय निवडा. कमेंट वाईट असेल तर व्हिडिओ नव्हे, ती कमेंट रिपोर्ट करा. आधी लिंक आणि स्क्रीनशॉट ठेवा. नकार आला तर ॲपमध्येच फेरतपासणी मागता येते. तेही जमलं नाही तर कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा, आणि त्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. पोस्टमध्ये थेट हिंसेची चिथावणी असेल तर मात्र यात वेळ घालवू नका. तोच स्क्रीनशॉट आणि लिंक घेऊन सायबर पोलिसांकडे जा.