गादी आणि मुकुट : रोहिडखोऱ्याचा वकील लंडनमध्ये

इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासात कालखंडांना राजाराण्यांची नावे देण्याची प्रथा आहे. एलिझाबेथचा काळ, जेम्सचा काळ, पुढे व्हिक्टोरियाचा काळ. ही नावे इतकी अंगवळणी पडतात की राज्यकर्त्यांच्या यादीलाच आपण राजसत्तेचा इतिहास समजू लागतो. गादीवर कोण बसले हे पाठ होते. त्या गादीच्या हाती सत्ता किती होती आणि अन्याय झालेल्या माणसाला तिच्यापाशी दाद मागता येत होती का, हा प्रश्न मात्र राहून जातो. हा प्रश्न एका मराठी माणसाने व्हिक्टोरियाच्याच लंडनमध्ये बसून सुमारे चौदा वर्षे विचारला. ते होते भोरजवळच्या रोहिडखोऱ्यातील कारी गावचे रंगो बापूजी गुप्ते, साताऱ्याच्या छत्रपतींचे वकील.

त्यांच्याविषयी बोलण्याआधी त्यांचा मुलूख पाहू. भोर आणि वेल्हे हे तालुके म्हणजे स्वराज्याची पहिली भूमी. तोरणा आणि राजगड वेल्ह्यात; त्या तालुक्याला आता राजगडाचेच नाव मिळाले आहे. रायरेश्वराचे पठार भोरमध्ये. तेथे झालेल्या स्वराज्याच्या शपथेची परंपरा सांगताना रोहिडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरसप्रभू यांचे नाव आवर्जून घेतले जाते आणि रंगो बापूजी त्यांच्याच वंशातले. इंग्लंडच्या राजाशी या डोंगरांचा दूरचा संबंध तेव्हाच जुळू लागला होता. पोर्तुगालच्या राजकन्येशी झालेल्या विवाहात दुसऱ्या चार्ल्सला मुंबई मिळाली आणि १६६८ साली त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. त्या वेळी शिवाजी महाराजांची राजधानी राजगडावर होती. राजाने आपली सत्ता एका व्यापारी मंडळीच्या हाती सोपवण्याचा तो प्रकार तेव्हा किरकोळ वाटला असेल. पुढच्या दोन शतकांचे बीज मात्र त्यातच होते.

राजनिष्ठा म्हणजे काय, याचे या खोऱ्याला ठाऊक असलेले एक उदाहरण कारीपासून फार दूर नसलेल्या आंबवड्याचे आहे. शंकराजी नारायण हे राजाराम महाराजांच्या काळातले सचिव, भोरच्या पंत सचिव घराण्याचे मूळ पुरुष. राजाराम महाराजांच्या पश्चात त्यांनी ताराबाईंच्या पक्षाला वचन दिले. १७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. आता दिलेला शब्द पाळावा तर शाहूंविरुद्ध, गादीच्या थोरल्या वारसाविरुद्ध, उभे राहावे लागणार, आणि शाहूंकडे जावे तर शब्द मोडणार. या पेचात शंकराजींनी आंबवड्यास प्राणत्याग केला. पुढे शाहू महाराजांनी त्यांच्या लहानग्या मुलाला, नारो शंकर यांना, सचिवपद दिले. या घटनेत राजा ही एक व्यक्ती आहे. त्याच्यापुढे उभे राहता येते, त्याला शब्द देता येतो, आणि तो शब्द पाळणे अशक्य झाले तर जीवही द्यावा लागतो.

याच सुमारास इंग्लंडमध्ये राजा हळूहळू व्यक्तीपासून सुटून संस्था होत होता. १६४९ साली पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला, १६८८ साली दुसऱ्या जेम्सला पळून जावे लागले, १६८९ च्या कायद्याने पार्लमेंटच्या संमतीशिवाय कर बसवण्याचा आणि शांततेच्या काळात फौज ठेवण्याचा राजाचा अधिकार काढून घेतला. १७२१ साली वॉलपोल कारभाराच्या मुख्य जागी आला आणि पंतप्रधानपदाची परंपरा तेथून मोजली जाते. आपल्याकडे १७२० साली पहिले बाजीराव पेशवे झाले होते. शाहू महाराजांच्या मृत्यूनंतर, १७५० च्या सांगोल्याच्या करारापासून, साताऱ्याचा छत्रपती नावाचा धनी आणि पुण्याचा पेशवा कर्ता, अशी व्यवस्था कायम झाली. वरवर पाहता दोन्ही देशांत एकच गोष्ट घडली. पण तेथे राजाच्या हातून निसटलेली सत्ता कायद्याने बांधलेल्या सभेकडे गेली, येथे ती दुसऱ्या एका वंशपरंपरागत घराण्याकडे गेली. तेथे राजा दुबळा झाला आणि गादी बळकट राहिली; येथे राजाबरोबर गादीही दुबळी झाली.

१८१८ साली पेशवाई बुडवताना कंपनीने नेमका याच दुबळेपणाचा उपयोग केला. पेशव्यांच्या छावणीतून हाती आलेल्या प्रतापसिंह महाराजांना साताऱ्यास बसवून २५ सप्टेंबर १८१९ रोजी त्यांच्याशी तह केला. लगेच पुढच्या वर्षी भोरच्या पंत सचिवांसारख्या साताऱ्याच्या मोठ्या जहागीरदारांशीही कंपनीने वेगळे तह केले. एका हाताने राजा उभा करायचा आणि दुसऱ्या हाताने त्याचे मानकरी आपल्या हमीखाली घ्यायचे, असे ते धोरण होते. या जहागिरींवर अधिकार कोणाचा, हाच पुढे महाराज आणि मुंबई सरकार यांच्यातील वादाचा एक मुख्य विषय झाला. फितुरीचे आरोप आले. तह मोडल्याची कबुली लिहून दिलीत तर राज्य राहील, असे गव्हर्नर कार्नॅकने सांगितले. न केलेल्या अपराधाची कबुली महाराजांनी दिली नाही. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवण्यात आले आणि त्यांचे बंधू शहाजी गादीवर बसले.

रंगो बापूजी लंडनला गेले ते या अन्यायाची दाद मागायला. १८४० ते १८५३ इतका काळ ते तेथे होते. वकील म्हणजे आपल्या राजाची बाजू दुसऱ्या दरबारात मांडणारा अधिकारी, असा आपल्याकडील राजनीतीचा अर्थ. पण लंडनमध्ये दरबार होता कोठे? डायरेक्टरांची सभा लेडनहॉल रस्त्यावर भरे, तिच्यावर १७८४ च्या कायद्याने नेमलेले नियंत्रण मंडळ, त्याच्यावर पार्लमेंट, आणि या सर्वांवर, ज्या नावाने हे सारे चाले ती तरुण राणी. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत साताऱ्याचा प्रश्न पुन्हापुन्हा निघाला. गुलामगिरीविरुद्ध लढलेले जॉर्ज टॉम्पसन, पार्लमेंटमधले जोसेफ ह्यूम, साताऱ्यास रेसिडेंट राहिलेले जनरल ब्रिग्ज अशी माणसे महाराजांच्या बाजूने उभी राहिली. रंगो बापूजींनी इंग्रजीत पत्रके छापून घेतली. ऐकून घेणारे पुष्कळ भेटले, निकाल फिरवणारा कोणी भेटला नाही. ज्याला त्याला आपल्याहून वरचा किंवा खालचा कोणी दाखवता येत होता. जुलमी राजाला निदान दोष देता येतो. येथे अन्याय झालेला होता आणि तो करणारा मात्र एका ठिकाणी सापडत नव्हता. राजेशाहीला कायद्याने बांधून इंग्लंडने आपल्या प्रजेला जे स्वातंत्र्य मिळवून दिले, त्याचीच ही दुसरी बाजू होती. जो राजा आपल्या प्रजेवर जुलूम करू शकत नाही, तो दूरच्या मुलखातला जुलूम थांबवूही शकत नाही.

यातली सर्वांत कठोर विसंगती पुढे आली. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह महाराज काशीस वारले. ५ एप्रिल १८४८ रोजी शहाजी महाराज दत्तक घेऊन निवर्तले. शास्त्राप्रमाणे घेतलेला तो दत्तक राज्याला वारस म्हणून चालणार नाही, असे ठरवून डलहौसीने सातारा खालसा केला. हे ज्या राणीच्या कारकिर्दीत घडले, तिचे घराणे गादीवर आले होते कशाने? १७०१ च्या वारसा कायद्याने. रक्ताने अधिक जवळचे पन्नासहून अधिक नातेवाईक केवळ कॅथलिक म्हणून बाजूला सारून पार्लमेंटने हॅनोव्हरचे घराणे निवडले आणि १७१४ साली पहिला जॉर्ज राजा झाला. एका अर्थी तेही राष्ट्राने घेतलेले दत्तकच. मराठीतला ‘गादी’ हा शब्द आणि इंग्रजीत राजसंस्थेला उद्देशून वापरला जाणारा ‘मुकुट’ हा शब्द, दोन्ही व्यक्तीच्या पलीकडच्या सातत्याचे वाचक आहेत. बसणारा गेला तरी गादी उरते, हे दोन्ही भाषांना मान्य आहे. मुकुटाचे सातत्य राखण्यासाठी मनुष्यकृत कायदा चालतो, गादीचे राखण्यासाठी मनुष्यकृत विधी चालत नाही, एवढाच काय तो भेद डलहौसीने केला.

रंगो बापूजी १८५३ साली रिकाम्या हाताने परतले. १८५७ साली साताऱ्यात उठावाचा कट उघडकीस आला. त्यांचे पुत्र सीताराम यांच्यासह सतरा जणांना त्या सप्टेंबरात गेंडामाळावर देहान्ताची शिक्षा झाली. रंगो बापूजी सरकारच्या हाती लागले नाहीत. इतिहासातून ते तेथेच नाहीसे होतात. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १८५८ रोजी, राणीचा जाहीरनामा निघाला. कंपनीने संस्थानिकांशी केलेले तह आम्ही पाळू, आमचा मुलूख यापुढे वाढवणार नाही, असे त्यात वचन होते. ज्या शब्दासाठी हा वकील चौदा वर्षे लंडनमध्ये थांबला, तो शब्द अखेर सिंहासनाच्या नावाने उच्चारला गेला. सातारा मात्र त्यात परत मिळाला नाही.

भोर राहिले. सातारा गेल्यावर पंत सचिव थेट इंग्रजांचे मांडलिक झाले. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड अशी किल्ल्यांची नावे त्यांच्या तालुक्यांना होती आणि संस्थानाला सलामी नऊ तोफांची. गादीचा मान किती तोफांचा, हे मुकुटाने ठरवावे, अशी ती रीत होती. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि तोही हिशेब संपला.

प्रबोधनकार ठाकरे यांनी रंगो बापूजींवर स्वतंत्र पुस्तक लिहून त्यांची आठवण जागी ठेवली. तरी आपल्या इतिहासलेखनात ते प्रामुख्याने स्वामिनिष्ठ सेवक म्हणून येतात. ते तसे होतेच. पण आम्हांला ते इंग्लंडच्या राजसत्तेचे एक मार्मिक मराठी वाचकही वाटतात. शंकराजी नारायणांना दोन राजांपैकी एक निवडता येईना म्हणून प्राण द्यावे लागले. त्याच खोऱ्यातल्या रंगो बापूजींना, जेथे राजाचे नाव प्रत्येक कागदावर होते तेथे, दाद देणारा एकही राजा सापडला नाही. ‘व्हिक्टोरियाचा काळ’ असे वर्गात म्हणताना त्या काळाच्या राजधानीत निकालाची वाट पाहत बसलेला कारीचा हा देशपांडेही विद्यार्थ्यांना दिसायला हवा.