फर्दापूरच्या तंबूत निळूभाऊ

फर्दापूरच्या फाट्यावर तुम्ही एसटीतून उतरता. सोबतची मंडळी अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या बसकडे पळतात. त्यांना जाऊ द्या. तुम्ही गावात वळा, जुन्या मोगलकालीन सराईच्या बाजूला. भिंतीला हात लावून पुढे सरकलात की साल १९७५ च्या आसपासचं समजा.

समोर टूरिंग टॉकीजचा तंबू. (तंबू इथे मी ठोकलाय. पण त्या काळी जत्रेजत्रेत असे तंबू असत, तेव्हा फार खोटं बोललो असं नाही.) मध्ये दोरी, एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला बाप्ये. खाली माती. तुम्ही पोतं टाकून बसता. मागे मशीन खडखडतंय आणि पडद्यावर 'सामना'. कथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात जाऊन आलेला. इथे त्याची कोणाला पडलीय? इथे पडद्यावर हिंदूराव धोंडे पाटील आलाय.

नीट बघा. निळू फुले ओरडत नाहीत. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, आवाज घशातून खरवडत येणारा, आणि दोन शब्दांत मुद्दाम सोडलेली जागा. समोर दारुडा मास्तर, म्हणजे डॉ. लागू, मारुती कांबळेचं काय झालं एवढंच पुन्हापुन्हा विचारतो. हिंदूराव त्याला पाहुणचार करतो, खाऊपिऊ घालतो. भीती वाटते ती त्या पाहुणचाराची. हा मुलूख कापसाचा, इथे सिनेमातलं साखर कारखान्याचं राजकारण नाही, तरी शेजारचा शेतकरी कुजबुजतो, "आपला सभापती असाच बोलतो का नाही?" दोरीपलीकडून एक म्हातारी बोटं मोडते, "मुडदा बसो मेल्याचा!"

रीळ तुटतं. अंधार.

अंधारात ओल्या मातीचा वास येतो. पुण्यात, सशस्त्र दलाच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत एक सडपातळ तरुण वाफ्याला पाणी देतोय. पगार ८० रुपये, त्यातले १० राष्ट्र सेवा दलाला. संध्याकाळी खुरपं ठेवून तो कलापथकात जातो. शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगानं त्याला लोकांपुढे आणलं; मग १९६८ साली अनंत मान्यांच्या 'एक गाव बारा भानगडी'त झेलेअण्णा. तिथून सिनेमे अडीचशेच्या आसपास. त्यातले कितीतरी एकाच साच्याचे पाटील-सरपंच. ते मोजत बसण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा १९७२ च्या नाट्यगृहात विंगेत उभे राहा. 'सखाराम बाईंडर'. कमलाकर सारंगांचं दिग्दर्शन, लालन सारंगांची चंपा. सखाराम बाईला दम देतो, आणि दम देता देता स्वतःच कुठेतरी फसतो. निळूभाऊंच्या खांद्यात ते दिसतं. बाहेर नाटकावरून परिनिरीक्षण मंडळाशी झगडा, प्रकरण कोर्टात. पुढे १९७९ च्या 'सिंहासन'मध्ये हाच माणूस पत्रकार दिगू होतो आणि शेवटी वेड्यासारखा हसतो. ते हसू मला हिंदूरावापेक्षा भारी वाटतं. आणखी पुढे 'लग्नाची बेडी' घेऊन डॉ. लागू, तनुजा आणि निळूभाऊ गावोगाव हिंडतात. जमलेला पैसा सामाजिक कृतज्ञता निधीला, पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी.

दिवा लागतो. रीळ जोडलंय. सिनेमा संपतो, पोती झटकली जातात. म्हातारी दोरी ओलांडून थेट तुमच्याकडे येते.

"तुम्ही पुण्याकडचे दिसता. हा भाड्या तिकडंच ऱ्हातो ना? कोणाच्या लेकीबाळी येतात का तिकडं एकट्या?"

तुम्ही सांगू बघता, की आजी, तो माळी होता, झाडांना पाणी घालायचा.

"तू त्याचाच माणूस दिसतो," म्हातारी म्हणते, आणि पदर सावरून दोन पावलं मागे सरकते.