बाबू हरदास गेले त्या साली

कन्हानच्या म्हाताऱ्या माणसांना जन्मसाल विचारलं तर ती आकडा सांगत नाहीत, घटना सांगतात. मोठा पूर, कुणाचं लग्न, कुणाचं मरण. शेजारच्या आजींचा नातू पुण्यात नोकरीला आहे. तो इंटरनेटवर घराण्याची वंशावळ जुळवतो, पण आजोबांच्या वर काही सापडत नव्हतं. "काका, आजीला फोनवर ऐकू येत नाही, तुम्हीच विचारा ना," म्हणाला. मी वही घेऊन आजींकडे बसू लागलो.

"बाबू हरदास गेले ना, तवा ह्यायचे दुधाचे दात पडत होते," आजी नवऱ्याबद्दल सांगू लागल्या. "बापाच्या खांद्यावर बसून नदीवर गेले होते म्हने. लय हिव होतं."

एवढ्यावरून साल सापडलं. कामठीचे बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे 12 जानेवारी 1939 रोजी गेले, अवघ्या 35 व्या वर्षी. 'जय भीम' हा अभिवादनाचा शब्द रूढ केला तो त्यांनीच. बिडी कामगारांची संघटना त्यांनी बांधली, 1937 मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेवर निवडून आले. त्यांची समाधी कन्हान नदीच्या काठी आहे. दुधाचे दात पडतात सहाव्या-सातव्या वर्षी, म्हणजे आजोबांचा जन्म 1932 च्या आसपासचा. आणि हिव म्हणजे जानेवारी. आठवण खरी होती.

पणजोबा त्या दिवशी काम सोडून नदीवर का गेले, तेही आजींनी सांगितलं. ते बिड्या वळत. दिवसभर वळलेल्या बिड्यांतून ठेकेदार छाट काढी, तिची मजुरी मिळत नसे आणि बिड्याही परत मिळत नसत. "त्याच्यासाठी भांडनारा मानूस होता तो," आजी म्हणाल्या. घराण्याचा इतिहास म्हणून मला हे वाक्य तारखेहून मोठं वाटतं.

मग मी संगणकाशी बसलो. परदेशी संकेतस्थळांवर कामठी लगेच सापडते, पण ती गोऱ्या सोजिरांची. 1821 साली वसलेल्या कामठी छावणीत मद्रास फौजेच्या पलटणी असत. म्हणून इथल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदींच्या नकला मद्रासमार्गे लंडनला गेल्या. इंग्लंडातल्या माणसाला आपला कामठीत जन्मलेला पूर्वज आज घरबसल्या भेटतो. त्याच कामठीत बिड्या वळणाऱ्याचं नाव त्या ढिगात कुठेच नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

नातू 'महाराष्ट्र' निवडून शोधत होता. 1 मे 1960 पर्यंत नागपूर महाराष्ट्रात नव्हतंच. आधी मध्यप्रांत-वऱ्हाड, मग मध्यप्रदेश, 1 नोव्हेंबर 1956 पासून मुंबई राज्य. जुन्या कागदांवर तीच नावं. शिवाय नदीच्या अलीकडे कन्हान पारशिवनी तालुक्यात, पलीकडे कामठीचा तालुका वेगळा. एकाच घरची कागदपत्रं नदीनं दोन तहसिलींत वाटलेली.

अखेर कागद मिळाला तो शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात. साल आजींमुळे ठाऊक असल्यानं पानं थोडीच चाळावी लागली. जन्मतारीख 1 जुलै 1932. ही तारीख गुरुजींनीच घातलेली असणार. तेव्हा अनेक मुलांच्या नावापुढे 1 जुलैच पडे. वडिलांचं नाव होतं, आडनाव नव्हतं. गावाच्या रकान्यात मात्र 'मौदा' लिहिलं होतं, जे घरात कुणालाच माहीत नव्हतं. कन्हानच्याच काठी, खाली वाहत गेलं की मौदा लागतं. आता तिथलं कोतवाल बुक पाहायचं आहे. कोतवालानं लिहिलेल्या जन्ममृत्यूच्या त्या नोंदींत विदर्भातल्या साध्या माणसांची नावं आहेत, आणि ती बहुतेक अजून तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्येच पडून आहेत.

कामठी-कन्हानच्या ज्या घरांत बिडी युनियनची पावती, जुना शाळेचा दाखला किंवा बाबू हरदासांच्या समाधीवरच्या मेळ्याचा फोटो असेल, त्यांनी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत. सोबत कोणी काय सांगितलं, तेही त्यांच्याच बोलीत लिहावं. आणि घरात आजी असेल तर संगणक उघडण्याआधी तिच्याजवळ बसावं.