मत्स्यशास्त्राचा कुंचला

तुंगारेश्वराच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेल्या कामण गावाकडून उतरणारे गोडे पाणी आणि वसईच्या खाडीतून भरतीबरोबर वर चढणारे खारे पाणी जेथे एकमेकांत मिसळते, तेथे तिवरांच्या आडोशाला पाग टाकून धरलेला जिताडा पाण्याबाहेर आला, की त्याच्या पाठीवरची हिरवट करडी झाक, कुशीचा रुपेरी तजेला आणि डोळ्यांतील तांबूस सोनेरी चमक बघता बघता मावळू लागते. आणि तोच मासा अभ्यासासाठी मद्यार्काच्या बरणीत ठेवला, तर काही काळाने त्याचा आकार तेवढा उरतो, रंग उरत नाही. म्हणूनच, रंगीत छायाचित्रण अवतरण्यापूर्वीच्या काळात मत्स्यशास्त्रज्ञाजवळ जलरंगांची पेटी असणे ही केवळ हौस नव्हती, ती त्याच्या विद्येची निकड होती.

हे काम निव्वळ चित्रकाराचेही नव्हे. पार्श्वरेषेवरचे खवले मोजावे लागतात, परांतील काटे कठीण किती आणि मऊ किती याची नोंद घ्यावी लागते, डोक्याच्या लांबीचे सर्वांगाशी असलेले प्रमाण कंपासाने कागदावर उतरवावे लागते. आणि मग खरी कसोटी लागते ती रुपेरी रंगाची, कारण चंदेरी अंगाची चकाकी कोणत्याही वडीत सापडत नाही. ती साधण्यासाठी कागदाचा पांढरा भाग तसाच राखून खवल्यांच्या कडांना निळसर व गुलाबी रंगाचा अगदी पातळ हात द्यावा लागतो, आणि एकदा चुकलेला हात जलरंगात सहसा पुसता येत नाही. शास्त्राची शिस्त आणि कलेचा संयम एकाच हातात असावे लागतात, ते असे.

आपल्या मुलखात या विद्येचा पाया घालणाऱ्यांत कर्नल विल्यम हेन्री साइक्स याचे नाव प्रथम घ्यावे लागेल. पेशवाई बुडाल्यानंतर थोड्याच वर्षांत, १८२४ मध्ये, दख्खनची आकडेवार माहिती जमविण्याच्या कामी मुंबई सरकारने त्याची नेमणूक केली; आणि पिके, जमिनी, माणसे यांची मोजदाद करता करता या लष्करी अंमलदाराने भीमेचे व मुळा-मुठेचे मासेही दप्तरी दाखल केले. लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने १८३९ ते १८४१ या काळात प्रसिद्ध केलेल्या त्याच्या लेखनातील अनेक जातींचा मूळ नमुना आज कोठेच उपलब्ध नाही. उरली आहेत ती वर्णने आणि चित्रे, आणि पुढील पिढ्यांना त्यांच्याच आधारावर निवाडा करावा लागला आहे. खुद्री, शिंगाळा, घोगरा ही नदीकाठची नावे त्याने लॅटिन नामावलीत घातली. ती ज्यांच्या तोंडून ऐकली, त्या मासेमारांची नावे मात्र शास्त्राच्या दप्तरात चढली नाहीत, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

साइक्सनंतर जो पुरुष आला, त्याला या परंपरेचा मुकुटमणी म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. १८५२ मध्ये मद्रास इलाख्यात लष्करी वैद्य म्हणून आलेला फ्रान्सिस डे पुढे हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथील मत्स्यव्यवसायाचा सरकारी महानिरीक्षक झाला. १८७५ ते १८७८ या काळात निघालेल्या ‘द फिशेस ऑफ इंडिया’ या त्याच्या ग्रंथासाठी माशांची चित्रे त्याने स्वहस्ते रेखाटली, व मिंटर्न याच्यासारख्या कारागिरांनी ती शिळेवर उतरविली. छापील पट काळ्या रेषांचे असल्यामुळे रंगांची नोंद त्याने प्रत्येक वर्णनाच्या अखेरीस शब्दांनी केली आहे. ती वाचताना हा मनुष्य ताज्या माशापुढे किती वेळ बसला असेल, याची कल्पना येते. ब्रिटिश म्युझियममधील अल्बर्ट ग्युंथर याच्याशी त्याचे हाडवैर जडले आणि त्याचे नमुने कलकत्त्यापासून सिडनीपर्यंत विखुरले गेले. परंतु त्याची थोरवी केवळ पटांत नाही. मासा कमी का होतो, हा प्रश्न त्याने १८७३ च्या अहवालांत सरकारपुढे मांडला. आणि पाण्यात विष कालवून अथवा सुरुंग उडवून मासे मारण्यास मनाई करणारा कायदा १८९७ मध्ये झाला, तेव्हा डे निवर्तून जवळजवळ आठ वर्षे लोटली होती.

खाडीच्या पाण्याला त्याचा स्वतःचा अभ्यासक लाभला तो विसाव्या शतकात. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९४० मध्ये मुंबई प्रांतातील निमखाऱ्या पाण्यातून जेमतेम इंचभर लांबीचा, काचेसारखा पारदर्शक मासा जगापुढे आणला आणि सुंदरलाल होरा व डॉ. सेटना या दोघा मत्स्यशास्त्रज्ञांच्या स्मरणार्थ नव्हे, तर त्यांच्या हयातीतच, गौरवार्थ त्याचे नाव ठेवले. पाग टाकणाऱ्याने ज्याच्याकडे ढुंकूनही पाहू नये असा हा जीव. पण त्याची शरीररचना, त्याचे प्रजनन, त्याच्या अंड्यांची वाढ यांचा त्यांनी इतका बारकाईने छडा लावला, की कामणसारख्या गावांच्या उंबऱ्याशी येणारे भरतीचे पाणी किती मोलाचे आहे, हे त्या एका निबंधावरून पटावे. याच कुलकर्ण्यांनी पुढे लोणावळ्यास, टाटांच्या वीज कंपनीच्या तलावावर, साइक्सने पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत पाहिलेल्या खुद्रीची कृत्रिम पैदास यशस्वी केली, आणि तेथील पिले परप्रांतांतील नद्यांतही सोडण्यात आली.